रक्ती हगवण: औषधी खाद्य द्यायचं की पिल्लांची प्रतिकारशक्ती वाढू द्यायची?



पावसाळी बॅचची एक दिवसाची पिल्लं या आठवड्यात बऱ्याच सभासदांकडे पोचली आहेत. त्यासोबत दोन प्रश्नही आले. एका ताईंनी विचारलं, "स्टार्टरच्या गोणीवर औषध घातल्याचं लिहिलंय. गावरान पिल्लाला कशाला औषध? अशानं पिल्लं कायमची नाजूक होतील." एका दादांचं म्हणणं नेमकं उलट, "औषधी खाद्य अंडी चालू होईपर्यंत दिलं तर बिघडलं कुठं? मरतुक तरी होणार नाही."

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात पिल्लं मरतात. म्हणून हा मेसेज जरा मोठा आहे. पूर्ण वाचा, सेव्ह करा. घरात पिल्लांचं बघणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिलाही वाचून दाखवा.

*थोडक्यात उत्तर*
औषधी खाद्य पिल्लाला प्रतिकारशक्ती देत नाही, फक्त वेळ मिळवून देतं. प्रतिकारशक्ती पिल्लू स्वतः कमावतं, तेही रोगाच्या जंतूशी थोडी थोडी गाठ पडल्यावर. ती गाठ "थोडी" पडणार की एकदम "भारी", हे बहुतेक वेळा तुमच्या शेडमधल्या गादीचा ओलावा ठरवतो.

*१) आधी हे बघा: गोणीत नेमकं कोणतं औषध आहे?*

"औषधी खाद्य" म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

- *अँप्रोलियम:* हे फक्त रक्ती हगवणीवर चालतं. हे प्रतिजैविक, म्हणजे ॲन्टिबायोटिक, नाही.
- *सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन:* हीसुद्धा रक्ती हगवणीसाठीच, पण गट वेगळा. मुख्यतः ब्रॉयलरच्या खाद्यात असतात.
- *ॲन्टिबायोटिक:* हे जिवाणूंवर चालतं. रक्ती हगवणीवर याचा इलाज म्हणून काही उपयोग नाही. "पिल्लं वाढावीत" म्हणून उगाच दिलेलं ॲन्टिबायोटिक तर अजिबात नको. कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि जनावरांसाठी बनवायला व विकायला केंद्र सरकारनं जुलै २०१९ पासून बंदी घातली आहे. कुणी जुनी बाटली देऊ केली तर घेऊ नका.

म्हणून गोणीला शिवलेलं लेबल फाडून फेकू नका. त्याचा फोटो काढून ठेवा. काही अडचण आली तर डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

*२) हा रोग होतो कसा?*

रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे, आणि तो आतड्याच्या आतल्या थरात वाढतो. आजारी किंवा वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची सूक्ष्म बीजं बाहेर पडतात.

हे तणाच्या बियांसारखं समजा. बी पडलं म्हणून लगेच उगवत नाही, त्याला ओल लागते. तसंच ताज्या विष्ठेतलं हे बीज लगेच रोग करत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण १ ते २ दिवसांत ते तयार होतं. मग पिल्लू गादी टोचतं, बीज पोटात जातं, आतड्यात वाढतं. ४ ते ७ दिवसांत एका बीजाची हजारो होऊन परत विष्ठेतून गादीवर येतात.

आता हिशोब करा. पहिल्या आठवड्यात दोन-चार पिल्लांनी थोडी बीजं खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात त्यांची हजारो झाली. गादी ओली असेल तर तिसऱ्या आठवड्यात सगळ्या शेडभर. म्हणून हा रोग बहुतेक वेळा *३ ते ६ आठवडे* वयात फुटतो. "काल पिल्लं खेळत होती, आज सकाळी सात मेली" असं वाटतं खरं, पण तयारी पंधरा दिवस आधीपासून चालू असते.

*३) मग प्रतिकारशक्ती येते कुठून?*

पिल्लानं कमी प्रमाणात बीजं खाल्ली तर आतड्याला किरकोळ इजा होते, ती वरून दिसतही नाही. पण शरीर त्या परजीवीला ओळखायला शिकतं. असे *दोन-तीन फेरे* झाले की पिल्लू पक्कं होतं. पुढे मोठ्या प्रमाणात बीजं पोटात गेली तरी निभावतं. गावरान कोंबडीमागे फिरणारी पिल्लं जगतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

पण यात चार गोष्टी लक्षात ठेवा.

- कोंबडीत या परजीवीच्या अनेक जाती आहेत. एकीची प्रतिकारशक्ती दुसरीला चालत नाही. त्यामुळे दुसऱ्या गावातून, दुसऱ्या शेडमधून आणलेली तलंग "मोठी झालीय, काही होत नाही" असं धरू नका. नव्या जागेत तिला नवी जात भेटू शकते.
- लासोटा, गंबोरो या लसींचा रक्ती हगवणीशी संबंध नाही. त्या मानमोडी आणि गंबोरोसाठी आहेत.
- गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया, कावेरी किंवा अस्सल गावरान, कोणतीच जात यातून सुटलेली नाही.
- हळद, लसूण, कडुनिंबाचा पाला थोड्या प्रमाणात द्यायला हरकत नाही. पण त्यानं रक्ती हगवणीची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. विष्ठेत रक्त दिसल्यावर हळदीच्या पाण्यावर दोन दिवस घालवले तर ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

*४) औषधी खाद्य आत काय करतं?*

अँप्रोलियमची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवीला वाढायला बी-१ लागतं. तो बी-१ समजून हे औषध ओढून घेतो आणि उपाशी पडतो. खाद्यात प्रतिबंधासाठी साधारण *१ किलोला १२५ मिलिग्रॅम* एवढं अँप्रोलियम असतं. या डोसला परजीवी पूर्ण संपत नाही, त्याची वाढ दाबली जाते. थोडी बीजं शिल्लक राहतात आणि त्यावरच पिल्लू हळूहळू शिकतं.

म्हणजे "औषध की प्रतिकारशक्ती" असं भांडण इथं नाहीच. औषधी खाद्य चालू असतानाच प्रतिकारशक्ती तयार होत असते. ताईंची भीती म्हणून खरी नाही. पण दादांची खात्रीही खरी नाही. औषध चालू असलं तरी चिखल झालेल्या गादीत बीजांचा मारा इतका होतो की १२५ मिलिग्रॅम पुरत नाही.

*५) घरचा मका मिसळताय? मग हे वाचाच*

ही चूक आपल्याकडे सगळ्यात जास्त होते. स्टार्टर महाग पडतं म्हणून ५० किलोच्या गोणीत ५० किलो मका भरडा किंवा तांदळाची कणी मिसळतात. म्हणजे औषध १२५ वरून थेट ६२ मिलिग्रॅमवर येतं. प्रथिनंही घसरतात. नावाला औषधी खाद्य, कामाला नाही. मरतुक झाली की मग "कंपनीचं खाद्यच खराब" असं वाटतं.

*पहिले ६ आठवडे औषधी स्टार्टरमध्ये काहीही मिसळू नका.* मका-कणी वाचवायची असेल तर ती सहा आठवड्यांनंतर वापरा.

याच्या उलटही करू नका. दुकानातून पावडर आणून घरी घमेल्यात खाद्याला चोळू नका. काही ग्रॅम पावडर ५० किलोत हातानं सारखी मिसळत नाही. एका पिल्लाला जास्त जाते, दुसऱ्याला काहीच नाही.

*६) तुमच्या पद्धतीनुसार काय करायचं?*

*अ) खुडूक कोंबडीखाली ८-१२ पिल्लं, दिवसभर मोकळी*
औषधी खाद्याची सहसा गरज नाही. जागा बदलत राहते, ऊन मिळतं, बीजं साचत नाहीत. धोका रात्रीच्या खुराड्यात असतो. तिथली विष्ठा रोज सकाळी काढा, खाली कोरडी राख किंवा तूस टाका. सततच्या पावसात पिल्लं दिवसभर डालग्याखाली कोंडली जातात, तेव्हा डालग्याची जागा रोज बदला.

*ब) ब्रूडरमध्ये ५० ते ५०० पिल्लं, तुसाच्या गादीवर*
पावसाळ्यात पहिल्या दिवसापासून ६ आठवड्यांपर्यंत अँप्रोलियम असलेलं स्टार्टर द्या. एवढी पिल्लं एकाच जागेवर असताना "नैसर्गिक वाढू द्या" म्हणणं म्हणजे जुगार आहे. तुम्ही निसर्गातली कोंबडी घेतलेली नाही, निसर्गातली जागाही दिलेली नाही.

*क) पहिले ४-५ आठवडे जाळीच्या पिंजऱ्यात, नंतर जमिनीवर*
विष्ठा खाली पडते, म्हणून पिंजऱ्यात पिल्लं छान दिसतात. पण त्यांची परजीवीशी गाठच पडलेली नसते. जमिनीवर सोडल्यावर पहिली भेट होते, तीही ओल्या मातीत. म्हणून सोडताना औषधी खाद्य बंद करू नका. *सोडल्यापासून पुढचे ३ आठवडे ते चालू ठेवा* आणि पहिल्यांदा कोरड्या शेडमध्येच सोडा.

*ड) हॅचरीत कॉक्सिडिओसिसची लस दिलेली पिल्लं*
ही लस म्हणजे मोजून दिलेली जिवंत बीजंच असतात. अशा पिल्लांना औषधी खाद्य दिलं तर लस वाया जाते. पिल्लं घेताना हॅचरीला हा एक प्रश्न नक्की विचारा. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पिल्लांना फक्त मरेक्सची लस दिलेली असते. मरेक्सच्या लसीला औषधी खाद्य चालतं.

*७) खरं औषध म्हणजे कोरडी गादी*

- गादी २ ते ३ इंच जाड, भाताच्या तुसाची. मूठभर उचलून घट्ट दाबा आणि सोडा. *भुगा होऊन पडली तर बरोबर. गोळा राहिला तर ओली. पावडरीसारखी उडाली तर जास्तच कोरडी.*
- ओल सगळ्यात जास्त ड्रिंकरखाली असते. ड्रिंकर विटेवर किंवा जाळीवर ठेवा. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. पिल्लं वाढतील तसं दर आठवड्याला भांडं वर घ्या.
- ओला भाग रोज काढा, शेडच्या बाहेर लांब टाका, तिथं कोरडं तूस भरा. बाकीची गादी एक दिवसाआड हलवा.
- पहिले ३ आठवडे पिल्लामागे अर्धा चौरस फूट, पुढे ६-८ आठवड्यांपर्यंत १ चौरस फूट जागा. शंभर पिल्लांना शंभर चौरस फूट नसेल तर पुढच्या वेळी कमी पिल्लं घ्या.
- पडदे पावसाच्या बाजूनं खाली घ्या, पण वरून एक फूट हवा खेळती ठेवा. पूर्ण बंद शेडमध्ये डोळ्याला झोंबणारा वास येतो आणि गादी वाळत नाही.
- ऊब कमी पडली की पिल्लं गठ्ठ्यानं बसतात आणि एकाच जागी विष्ठा साचते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी.
- फिनेल, ब्लिचिंग किंवा पोटॅशच्या पाण्यानं ही बीजं मरत नाहीत. ती उष्णतेनं आणि वाळण्यानं मरतात. बॅच निघाल्यावर सगळी गादी काढा, जमीन खरवडा, फ्लेम गन फिरवा, चुना मारा आणि शेड १०-१५ दिवस रिकामं वाळू द्या. जुन्या गादीवर नवी पिल्लं टाकू नका.

*८) औषधी खाद्य बंद कधी करायचं?*

सहा आठवडे पूर्ण झाले, पिल्लं चपळ आहेत, विष्ठा घट्ट आहे, गादी कोरडी आहे, या चारही गोष्टी जुळल्या की बंद करायला घ्या. एका दिवसात तोडू नका. ८-१० दिवसांत साध्या ग्रोअरचं प्रमाण वाढवत न्या. त्याच दिवसांत झड लागली आणि गादी भिजली तर आधी गादी नीट करा, मग खाद्य बदला.

*अंडी चालू होईपर्यंत औषधी खाद्य? नको.* खर्च वाया जातो. शिवाय सॅलिनोमायसिनच्या गटातली औषधं अंडी देणाऱ्या कोंबड्यांना द्यायची नसतात, त्यांचा अंश अंड्यात उतरतो. पिल्लांची आई आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच फीडरवर खात असतील तर पिल्लांचं खाद्य वेगळं ठेवा. विक्रीच्या आधी किती दिवस औषध बंद हवं ते लेबलवर असतं, ते पाळा. आपली अंडी लोक गावरान म्हणून दोन रुपये जास्त देऊन घेतात, तो विश्वास गेला तर परत येत नाही.

*९) लागण झालीच तर*

*खुणा:* पिसं फुगवून, पंख पाडून पेंगणं. खाणं कमी. तुरा आणि पाय फिकट. विष्ठा पातळ, चॉकलेटी किंवा रक्ताची. मेलेलं पिल्लू डॉक्टरांनी फाडलं की आतड्याच्या शेवटी असणाऱ्या दोन आंधळ्या पिशव्या रक्तानं भरलेल्या दिसतात. काही जातींत रक्त दिसतच नाही, फक्त पिल्लं खंगतात. म्हणून ताजं मेलेलं पिल्लू टाकून देऊ नका. पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा टोल फ्री *१९६२* वर फोन करा.

*काय करायचं:*
- त्याच दिवशी सगळ्या बॅचला पाण्यातून उपचार सुरू करा, फक्त आजारी पिल्लांना नाही. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून उपचार पाण्यातून.
- अँप्रोलियम २० टक्के पावडर: लागण जोरात असेल तर *१ लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, ५ दिवस.* पुढे *१ लिटरला ०.३ ग्रॅम, १ ते २ आठवडे.* पावडरची टक्केवारी वेगळी असेल तर डोस बदलतो, म्हणून पाकीट डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. पाणी रोज ताजं बनवा. दुसरं साधं पाणी ठेवू नका.
- *या ५ दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका.* त्यातलं बी-१ औषधाचं काम मोडतं. "अशक्तपणा आलाय" म्हणून दुकानदार दोन्ही बाटल्या एकत्र देतो, तिथं नाही म्हणा. जीवनसत्त्वं उपचार संपल्यावर द्या.
- त्याच दिवशी ओली गादी काढा. नुसतं औषध दिलं आणि गादी तशीच ठेवली तर औषध थांबताच रोग परत येतो.
- आजारी पिल्लं वेगळी करा. त्यांचं काम शेवटी करा, चपला बदला. मेलेली पिल्लं चुना टाकून खोल पुरा.

*१०) लसीकरण चुकवू नका*

५ ते ७ व्या दिवशी लासोटा, १४ व्या दिवशी गंबोरो, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. अँप्रोलियमच्या खाद्यामुळे या लसी बिघडत नाहीत. लस पाण्यातून देणार असाल तर त्या दिवशी पाण्यात क्लोरीन किंवा दुसरं काही नको. गंबोरो झालेल्या पिल्लाची प्रतिकारशक्तीच ढासळते आणि मग रक्ती हगवण दुप्पट जोरात येते. बॅच आजारी असताना लसीचा दिवस आला तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे घ्या.

*११) दोन धोके, घरात सगळ्यांना सांगा*

- मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन असलेलं खाद्य *घोडा, गाढव, खेचर यांच्या तोंडाला लागू देऊ नका.* थोड्या प्रमाणातही जीव जातो. उरलेलं पिल्लांचं खाद्य बैल-म्हशीच्या आंबोणात टाकू नका. गोण्या उंच आणि बंद जागी ठेवा.
- अशा खाद्यावर असलेल्या पिल्लांना सर्दी-घरघरीसाठी *टियामुलिन* हे औषध चालत नाही, पिल्लं मरू शकतात. डॉक्टरांना कोणतं खाद्य चालू आहे ते आधी सांगा.

*आज संध्याकाळपर्यंत करायची कामं*

१. गोणीच्या लेबलचा फोटो काढा.
२. ड्रिंकरखालची गादी मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर आजच बदला.
३. पिल्लं आल्याची तारीख भिंतीवर लिहा, त्याखाली २१ वा आणि ४२ वा दिवस लिहा. या दोन तारखांच्या मधले तीन आठवडे रोज सकाळी विष्ठा बघायची.
४. रोज किती मेली ते वहीत लिहा. शंभरात एका दिवसात दोनपेक्षा जास्त मेली तर वाट बघू नका, फोन करा.

लेबल वाचता येत नसेल किंवा विष्ठा कशी दिसतेय याबद्दल शंका असेल तर याच नंबरवर फोटो पाठवा. फोटोसोबत पिल्लांचं वय, संख्या आणि चालू खाद्य एवढं लिहा. सकाळी १० च्या आत आलेल्या फोटोला त्याच दिवशी उत्तर मिळेल.

पुढच्या आठवड्यात: ४२ दिवसांनंतर घरच्या मका-सोयाबीनवर ग्रोअर खाद्य कसं बनवायचं.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी
(सभासदांसाठी)